उत्तर येईल तसं

आमच्या इस्पितळात त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणतात आणि त्यावरून नव्या डॉक्टरांचा हमखास गोंधळ होतो. ऑपरेटर म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या, असा एका तरुण भूलतज्ज्ञाचा समज झाला होता. त्याने जिन्यात गाठून अदबीने हातमोज्यांचं माप विचारलं. "साडेसहा," बाईंनी सांगून टाकलं, आणि आमच्या खोलीत येऊन पोट धरून हसल्या.

खरं नाव आहे, पण ते हजेरीपटापुरतं. बाई अकरा वर्षं इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. बोर्ड निघाला, भिंतीत नुसती भोकं राहिली, तेव्हा त्यांना रेकॉर्ड विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर आणून बसवलं. काम काय, तर जुन्या फायलींमधली माहिती कॉम्प्युटरवर चढवायची. दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. बाईंनी तिसऱ्या आठवड्यात प्रोग्राममधल्या चुका काढायला सुरुवात केली आणि सहा महिन्यांनी त्या चुका दुरुस्त कशा करतात ते विचारायला. नवरा शाळेत भूगोल शिकवतो. त्याने स्वयंपाकघर आपल्याकडे घेतलं आणि बाईंनी तीन वर्षं संध्याकाळचे वर्ग केले. वर्गात वयाने सगळ्यांत मोठ्या त्याच. शिकवणारासुद्धा नऊ वर्षांनी लहान. "बिचारा फळ्याकडे वळला की घाबरायचा," बाई सांगतात. "मी मागून म्हणायचेच, सर, कंस बंद करायचा राहिला."

ही गोष्ट घडली तेव्हा बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या आणि कॉम्प्युटर विभागात पक्क्या झाल्या होत्या. त्यांच्यामागोमाग मीही तिथे गेलो, कागदपत्रं सांभाळायला. दुसऱ्या मजल्यावर, औषधांच्या गोदामामागे आमची खोली. एक खिडकी, चार टेबलं, आणि शेजारच्या काचेच्या खोलीत सर्व्हर.

बाईंची धाकटी नणंद आमच्याच रक्तपेढीत टेक्निशियन आहे. ती माझ्याहून बरीच लहान, म्हणून मी तिचा एकेरीच उल्लेख करतो. समोर असताना मात्र जपून बोलतो. एके दिवशी चहाच्या वेळी ती आमच्या खोलीत तणतणत आली.

"वहिनी, तुमचं ते गोल गोल फिरणारं चक्र आहे ना, ते मला एकदा हातात द्या. मी खिडकीतून फेकते."

"कुठलं चक्र?"

"शोधाचं! रक्त शोधायला बटण दाबावं, तर हे आपलं फिरतंय. मिनिटभर फिरून सांगतं, वेळ संपली. कुणाची वेळ संपली? पेशंटची?"

हे जरा समजावून सांगतो. आमच्या भागातल्या अडतीस रक्तपेढ्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत. एखाद्या पेशंटला सहज न मिळणारं रक्त हवं असलं की आमच्या पेढीतून सर्व्हरला प्रश्न जातो, सर्व्हर अडतीस ठिकाणी विचारतो, आणि कुणाकडे कुठली पिशवी आहे त्याची यादी स्क्रीनवर येते. यावी, अशी अपेक्षा असते.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळभर नणंदेशेजारी स्टुलावर बसल्या. हातात वही, मनगटावर घड्याळ. नणंद बटण दाबायची, चक्र फिरायचं, कंटाळून ती पुन्हा दाबायची. म्हणजे अडतीस पेढ्यांना तोच प्रश्न पुन्हा. शेवटी वैतागून फोन उचलायची आणि एकेका पेढीला विचारत बसायची. बाई दुपारी वर आल्या, सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि वहीतल्या वेळांशी ताडून पाहिल्या. मग मला हाक मारली.

"हे बघा. पहिल्या पेढीचं उत्तर एका सेकंदाच्या आत आलंय. वीस पेढ्यांची पाच सेकंदांत. चार-पाच पेढ्यांच्या मशिनी म्हाताऱ्या आहेत, त्यांना मिनिट लागतं. आणि आपला सर्व्हर शेवटची येईपर्यंत बाकीच्या सगळ्यांना दाबून धरतो. उत्तर आलेलं असतं हो! पोरगी खाली फोन फिरवत बसलीय आणि उत्तर इथे वर पडून आहे."

त्या चिडल्या की आवाज खाली जातो. तेव्हा तो फारच खाली गेला होता.

विभागप्रमुख साहेबांच्या खोलीत बैठक झाली. मशिनी पुरवणाऱ्या कंपनीचा माणूसही होता. त्याचं उत्तर तयारच होतं: मोठा सर्व्हर घ्या.

"सर्व्हरला काम कुठेय?" बाई म्हणाल्या. "त्या मिनिटभरात तो काय करतो ते मी मोजलंय. वाट बघतो. मोठा आणलात तर तो मोठ्या ऐटीत वाट बघेल."

साहेबांनी हसू दाबलं. "मग तुमचं म्हणणं काय?"

"आता ब्राउझर प्रश्न विचारतो, सर्व्हर सगळी उत्तरं जमवतो, गठ्ठा बांधून एकदम पाठवतो आणि संपर्क तोडतो. त्याऐवजी दोघांमधली लाइन उघडीच ठेवायची. वेब सॉकेट म्हणतात त्याला. तिच्यावरून दोन्हीकडून केव्हाही बोलता येतं. ज्या पेढीचं उत्तर आलं, ते तिथल्या तिथे खाली पाठवायचं. पुढचं आलं की पुढचं. टेक्निशियनला पहिल्या ओळीत हवी ती पिशवी दिसली, तर तिने सदतीस पेढ्यांची वाट कशाला बघायची?"

"किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेल, साहेब," बाई म्हणाल्या, आणि वही मिटली.

पहिला आठवडा सुरळीत गेला. दुसऱ्यात घोडं अडलं. बाईंनी मुद्दाम मोठा प्रश्न विचारून पाहिला: या गटाचे सगळे नोंदलेले रक्तदाते दाखव. चाळीस हजारांवर ओळी. सर्व्हरला मोकळं रान मिळालं होतं, त्याने एका दमात सगळं ओतलं आणि स्क्रीन जी थिजली ती थिजलीच. माउससुद्धा हलेना. मी म्हटलं, "बाई, आधीचं चक्र निदान फिरत तरी होतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझ्या फायलींकडे वळलो.

त्यावर त्यांनी तोड काढली ती साधी होती. सर्व्हरने आपण होऊन ओतायचंच नाही. ब्राउझर पन्नास ओळी मागेल, त्या दाखवून झाल्या की पुढच्या पन्नास. मागणी येईपर्यंत सर्व्हर डेटाबेसमधलं पुढचं वाचणारसुद्धा नाही. आणि स्क्रीनवर 'थांबा' असं एक बटण. ते दाबलं की शोध तिथेच बंद. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ते रक्तपेढीत बसवलं. नणंदेने बटण दाबलं आणि हात मागे घेण्याआधी पहिली ओळ आली होती.

"अगंबाई," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून दुसरं काही निघेना. जे तिला ओळखतात त्यांना कळेल, ही केवढी पावती होती.

बाई त्या दिवशी जिना उतरताना गुणगुणत होत्या. दोन महिने सगळं झकास चाललं. मग तो गुरुवार आला.

पेशंट होत्या एक गाडी शिकवणाऱ्या बाई. साठीच्या आतबाहेर, गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच गाडी शिकवलेली. खुब्याचं ऑपरेशन होतं. त्यांना पूर्वी बऱ्याचदा रक्त द्यावं लागलं होतं, त्यामुळे आता साधं त्यांच्या गटाचं रक्त चालत नसे; त्यातले काही ठरावीक घटक नसलेलंच रक्त लागे, आणि तसं फार थोड्यांचं असतं. दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय सर्जन सुरी उचलणार नव्हते. नणंदेने सकाळी शोध लावला. झरझर अकरा ओळी आल्या, एकही जुळेना. मग यादी थांबली. तिने दोन मिनिटं वाट पाहिली. काही नाही. तिने वर कळवलं, कुठेच नाही. पेशंट सकाळपासून उपाशी, ऑपरेशनसाठी पाय धुऊन तयार; त्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी लांबच्या एका पेढीतून भलत्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता तिथला टेक्निशियन म्हणाला, "अहो, त्या प्रकारच्या दोन पिशव्या आठवडाभर आमच्याकडेच आहेत की."

नणंद त्या दिवशी आमच्या खोलीत आली नाही. थेट बाईंच्या घरी गेली. तिथे काय झालं ते मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. दोन्ही जुळवून जे उरतं ते असं. बाई टेबलावर भाजी चिरत होत्या. नवरा भांडी पुसत होता. नणंदेने पर्स खुर्चीवर आपटली.

"वहिनी, मी त्या बाईला घरी पाठवलं. तुमच्या स्क्रीनवर विश्वास ठेवून."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. किती ओळी आल्या, किती वेळ थांबलीस, मधे काही संदेश दिसला का, एवढं विचारलं. मग सुरी खाली ठेवली.

"लाइन तुटली होती," त्या म्हणाल्या. "मधे जो सुरक्षेचा दरवाजा आहे, तो गप्प पडलेली लाइन मिनिटभराने बंद करतो. म्हाताऱ्या मशिनी उत्तर द्यायला वेळ लावत होत्या, तेवढ्यात त्याने बंद केली असणार."

"मला कसं कळावं? यादी संपली की तुटली? दिसायला दोन्ही सारखंच!"

"तुला कळायला काही मार्गच नव्हता. मी ठेवलाच नव्हता."

नवऱ्याला वाटलं, वातावरण सैल करावं. "जाऊ दे, दोघींचंही थोडं थोडं चुकलं असेल..."

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या. तो पुन्हा भांड्यांकडे वळला.

"हिचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "जुनं यंत्र हळू होतं, पण खोटं बोलत नव्हतं. अर्धी यादी देऊन पुरी दिल्यासारखं गप्प बसणं, हे माझ्या यंत्राने केलं. चूक माझी आहे आणि ती मीच सांगणार."

शनिवारी सकाळी बाई सर्जनकडे गेल्या. जुळणाऱ्या पिशव्यांच्या यादीचा कागद घेऊन मी बरोबर होतो. सर्जन भला माणूस. म्हणाले, "ठीक आहे हो, मशीन आहे, होतं असं कधीकधी."

"मशिनीचं नाही, डॉक्टर. माझं झालं. पेशंटचा पत्ता द्याल का? त्यांना सांगायला हवं."

"त्याची खरंच गरज नाही."

"मला आहे."

गाडी शिकवणाऱ्या बाईंचं घर त्यांच्या वर्गाच्या वरच होतं. खाली रस्त्यावर दोन छोट्या गाड्या, दोन्हींचे बंपर चेपलेले. वर पुढच्या खोलीत त्या उंच खुर्चीत बसल्या होत्या, कुबडी भिंतीला टेकवलेली, मांडीवर जाडजूड मांजर. बाईंनी बसायच्या आधीच सगळं सांगितलं. आडवळण नाही, मोठे शब्द नाहीत. रक्त होतं, लाइन मधेच तुटली, ती तुटल्याचं स्क्रीनवर दाखवायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं.

त्या बाईंनी मांजराच्या कानामागे खाजवत ऐकलं. "म्हणजे मी उपाशी राहिले, या मांजराची शेजारी सोय लावली, देवाघरी जाण्याच्या तयारीने कपाट आवरलं, आणि ते सगळं फुकट?"

"हो."

"आणि हे सांगायला तुम्ही स्वतः जिना चढून आलात?"

"मी नाही तर कोण येणार?"

"माझ्याकडे शिकायला येणारे ब्रेकऐवजी भलतंच दाबतात, भिंतीवर आदळतात आणि मला सांगतात, बाई, गाडी ओढते आहे." त्या एकाएकी हसल्या. "तीस वर्षांत 'माझा पाय चुकला' असं म्हणणारे मी दोघं पाहिले. बसा. तारीख कुठली दिलीय आता?"

"येता गुरुवार. तोवर मी दुरुस्त करते."

"करा. कपाट आता आवरलेलंच आहे."

 परतताना बाईंची पावलं झपाझप पडत होती, आणि मला कळलं की डोक्यात काम सुरू झालंय.

त्या चार दिवसांत बाईंनी काय केलं, ते मला समजलं तसं सांगतो. एक म्हणजे, सांगण्यासारखं काही नसलं तरी सर्व्हर दर वीस सेकंदांनी 'मी आहे' एवढं म्हणत राहील, म्हणजे लाइन गप्प पडणार नाही. प्रत्येक ओळीला क्रमांक दिला. लाइन तुटलीच, तर ब्राउझर आपण होऊन पुन्हा जोडून घेईल आणि सांगेल, माझ्याकडे बावीसपर्यंत पोचलंय, तेविसापासून पाठव. तोवर सर्व्हरने प्रश्न टाकून द्यायचा नाही, दोन मिनिटं धरून ठेवायचा. पण बाईंच्या मते या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट स्क्रीनच्या वरच्या पट्टीत होती. तिथे आता लिहून यायचं: अडतीसपैकी इतक्या पेढ्यांचं उत्तर आलं, अमुक अमुक बाकी. नावानिशी. 'शोध पूर्ण' हे शब्द सर्व्हरने स्वतः शेवटचा निरोप पाठवल्याशिवाय कधीही उमटायचे नाहीत.

मग त्यांनी नणंदेला वर बोलावलं आणि नेटवर्कची वायर हातात दिली. "मी शोध लावते. तुला वाटेल तेव्हा उपट."

मला वाटतं, त्या मुलीने एवढा आनंद आयुष्यात कधी लुटला नसेल. शोध सुरू होताच उपट, मधेच उपट, शेवटच्या ओळीवर उपट. सतरा वेळा यादी बरोबर आली. अठराव्या वेळी एक पिशवी दोनदा दिसली.

"एकीच्या दोन झाल्या!" नणंद ओरडली. "हे चालायचं नाही. एकच असताना मी दोन आहेत असं धरून चालेन."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि लगेच पिशवीवरच्या नंबरावरून दुबार ओळ गाळायची सोय केली. पुन्हा वायर तिच्या हातात दिली. आणखी तीस वेळा उपटून झाल्यावर नणंदेने वायर टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आता मी यावर विसंबायला तयार आहे."

गुरुवारी दोन्ही पिशव्या लांबच्या पेढीतून येऊन पोचल्या होत्या. नऊ वाजता ऑपरेशन सुरू झालं. बाई खाली रक्तपेढीत गेल्या, उगाच एक कागद सही करून घ्यायच्या निमित्ताने. मीही गेलो, मला निमित्तसुद्धा सुचलं नाही.

सव्वाअकराला थिएटरमधून फोन आला. रक्तस्राव धरला होता त्याहून जास्त आहे, दुसरी पिशवी चालू केलीय, तिसरी लागणार. किती वेळात मिळेल?

नणंदेने उत्तर न देता बटण दाबलं. ओळी येऊ लागल्या. पहिली दहा सेकंदं काही जुळेना. तेवढ्यात ओळी थबकल्या आणि वरची पट्टी लाल झाली: लाइन तुटली, पुन्हा जोडत आहे, सोळा पेढ्यांचं उत्तर बाकी. बाहेरच्या व्हरांड्यात दिवे दुरुस्त करणाऱ्या माणसाने कसलंसं बटण बंद केलं होतं, हे नंतर कळलं.  बाई नणंदेच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी स्क्रीनला हात लावला नाही. आणि नणंद? तिने खुर्चीत मान वळवून शांतपणे सांगितलं, "जोडेल ते."

पट्टी पुन्हा पांढरी झाली. तेविसावी ओळ, चोविसावी. सत्ताविसाव्या ओळीवर नणंदेचं बोट थांबलं. सगळे घटक जुळत होते. पेढी गाडीने अर्ध्या तासावर. वर अजून बारा पेढ्या बाकी दिसत होत्या. तिने त्यांच्यासाठी क्षणभरही न थांबता एका हाताने फोन उचलला.

"ती पिशवी बाजूला काढा. तुमच्या गाडीने लगेच पाठवा." मग थिएटरला, "तासाभरात जुळवणीसकट देते." आणि दुसऱ्या हाताने 'थांबा' दाबलं.

बारा वाजायच्या आत पिशवी दारात होती. जुळवणी झाली, वर गेली. दीड वाजता सर्जन खाली आले, टोपी काढली आणि नणंदेला म्हणाले, "छान झालं. बाई शुद्धीवर येताहेत, भूलतज्ज्ञाला क्लच सोडायला सांगताहेत." मग त्यांचं लक्ष मागे उभ्या असलेल्या ऑपरेटरबाईंकडे गेलं आणि त्यांनी नुसती मान झुकवली. बाईंनीही.

पुढे साहेबांच्या मनात सत्कार वगैरे होता. बाईंनी तो साफ नाकारला, पण त्याऐवजी एक मागणी केली: रक्तपेढीतली त्यांची नणंद आठवड्यातला एक दिवस आमच्या विभागात बसेल, आणि कुठलाही नवा प्रोग्राम तिने मोडून पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही. तसा लेखी हुकूम निघाला. सोमवारी ती येते, माझी खुर्ची घेते, आणि मी दिवसभर स्टुलावर बसतो.

आता बाई चौपन्न वर्षांच्या आहेत. अडतीसपैकी एकतीस पेढ्यांनी त्यांचं काम आपल्याकडे लावून घेतलंय. उरलेल्यांकडे त्या स्वतः जातात, बरोबर लॅपटॉप आणि एक लांब वायर. मागच्याच महिन्यात आम्ही सगळ्यांत जुन्या मशिनीच्या पेढीत गेलो होतो. तिथला टेक्निशियन जुन्या वळणाचा, नव्या गोष्टीवर पटकन विश्वास टाकणारा नव्हता. त्याने सगळं पाहिलं आणि विचारलं, "बाई, खरं सांगा. हे बंद पडणार नाही ना?"

"पडेल की," बाई म्हणाल्या. "कधी ना कधी पडेलच. पडलं तर तुम्हाला त्याच क्षणी कळेल, कुठे अडलंय तेही कळेल. एवढं मी बघितलंय."

त्याने जरा विचार केला आणि खुर्ची पुढे ओढली. बाईंनी चष्मा नाकावर सारला, शोधाचं पान उघडलं आणि त्याच्याकडे कीबोर्ड सरकवला.